स्पष्टीकरण : समुद्रात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून सुटका एवढी कठीण का?

नवी दिल्ली : बचावासाठी निघालेले हेलिकॉप्टरच समुद्रात कोसळले, तर आतील कर्मचाऱ्यांना बाहेर पडण्यास जेमतेम काही सेकंद मिळतात. पोरबंदरनजीक २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री झालेल्या अपघाताने हा धोका प्रकर्षाने समोर आला.

'हरी लीला' या तेलवाहू जहाजावरील गंभीर जखमी खलाशाला आणण्यासाठी भारतीय तटरक्षक दलाचे 'ध्रुव' हे प्रगत हलके हेलिकॉप्टर रात्री ११ वाजता निघाले होते. किनाऱ्यापासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावरील या जहाजाजवळ पोहोचत असताना ते समुद्रात कोसळले. चौघांपैकी एकजण बचावला, तिघांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एका वैमानिकाचा मृतदेह १० ऑक्टोबर रोजी सापडला. याच हेलिकॉप्टरने काही दिवसांपूर्वी गुजरातमधील वादळी हवामानात ६७ जणांचे प्राण वाचवले होते.

हेलिकॉप्टरची इंजिने, गिअरबॉक्स आणि मुख्य पंखा हे जड भाग वरच्या बाजूस असतात. त्यामुळे पाण्यावर आदळताच ते उलटे होण्याची शक्यता मोठी असते. आत पाणी भरते, दिशेचे भान हरपते. रात्री अंधाराची भर पडते. म्हणूनच कर्मचाऱ्यांना पाण्यात उलट्या होणाऱ्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

हेलिकॉप्टर नियंत्रित रीतीने पाण्यावर उतरवता आले आणि तरंगते ठेवणारे आपत्कालीन फुगे वेळेवर उघडले, तर मात्र जीव वाचू शकतात. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या 'ध्रुव'ची शक्ती अचानक कमी झाली. वैमानिकाने ते पाण्यावर उतरवले आणि तिन्ही कर्मचारी सुखरूप बाहेर आले.

यासाठी हेलिकॉप्टर अखेरपर्यंत वैमानिकाच्या ताब्यात असणे आवश्यक असते. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर विमानतळावर तटरक्षक दलाचे आणखी एक 'ध्रुव' कोसळून तिघांचा मृत्यू झाला. प्राथमिक तपासात 'स्वॉशप्लेट' हा भाग तुटल्याचे आढळले. वैमानिकाच्या हातातील नियंत्रणाची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम हा भाग करतो. तो तुटल्यास पात्यांचा कोन बदलता येत नाही आणि वैमानिकाचे कौशल्यही निष्प्रभ ठरते.

या अपघातानंतर तिन्ही सेनादले व तटरक्षक दलाकडील 'ध्रुव'ची उड्डाणे थांबवण्यात आली. मे २०२५ मध्ये लष्कर व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पुन्हा परवानगी मिळाली. मात्र समुद्रावर काम करणाऱ्या नौदल व तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांचा त्या निर्णयात समावेश नव्हता.