तंगडी कुणाच्या पानात?

कोंबडीला तंगड्या दोनच असतात आणि आपल्याकडे रविवारी जेवायला माणसं असतात सहा. मग त्या दोन तंगड्या कुणाकुणाच्या पानात पडतात, ते मैत्रिणींनो, मी सांगायला नको. एक घरातल्या कर्त्याला, दुसरी मुलाला. पाहुणे असतील तर दोन्ही पाहुण्यांना. मुलीला छातीचा एखादा तुकडा, आणि करणारीच्या वाट्याला मान, पाठ आणि रश्शातला बटाटा. यात कुणी दुष्ट असतं असं नाही. वाढणारी आपणच असतो आणि डाव आपल्याच हातात असतो! पण हात सवयीने तसाच वळतो.

मी आठवड्यातून चार दिवस अर्धवेळ शिकवायला जाते. मागे सातवीच्या मुलींना ‘आमच्या घरचा रविवार’ असा निबंध दिला होता. बऱ्याच वह्यांत आई तव्यापाशी उभी होती. एकीने लिहिलं होतं, ‘माझ्या आईला कोंबडीची मान फार आवडते.’ वाक्य शुद्ध होतं, मी बरोबरची खूण केली. पण मानेवर मांस ते किती असतं, हे काय आपल्याला ठाऊक नाही? त्या आईला मान आवडते की उरते, हे त्या बारा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार?

ओव्हनमध्ये भाजलेली तिखटगोड कोंबडी मी घरात रुळवली ती एवढ्यासाठीच. चिकनवाल्याकडून अख्खी कोंबडी आणायचीच नाही. मांडीसकट सहा तंगड्या मागायच्या. तो न कुरकुरता देतो. माणशी एक, सगळ्यांना सारखी. वाटणीचा प्रश्नच उरत नाही. आणि दुसरं म्हणजे, एकदा ट्रे आत गेला की ढवळायला, परतायला उभं राहावं लागत नाही. सोबत गरम भाकरीचा हट्ट मात्र त्या दिवशी सोडायचा. पाव आणावेत, नाहीतर पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात. तवा चुलीवर असला की एक बाई तव्यापाशी अडकलीच म्हणून समजा.

“कोंबडीत गूळ? अगं, आमटी करतेस की काय!” इति सासूबाई. बरोबरच आहे त्यांचं. मटणा-कोंबडीत गोडाचा कण पडलेला आपल्याकडे खपत नाही. पण मुंबईच्या पारशी घरांत जर्दाळू घातलेलं मटण आणि कोंबडी कौतुकाने करतात. गोव्याकडे व्हिनेगरच्या आंबटपणाला किंचित साखरेचा किंवा गुळाचा हात लावतात. शिवाय चिंचगुळाची आमटी ज्या जिभेला कळते, तिला आंबट-गोड-तिखट काही परकं नाही. आणि ओव्हनचं म्हणाल, तर झाकणावर निखारे ठेवून खालून-वरून भाजण्याची रीत आपल्या आज्यांना माहीत होतीच. नंतर तो झाकणाला काच असलेला अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, आता ओटीजी आहे. तत्त्व एकच.

आता कृती. सहा तंगड्या साधारण दीड किलो भरतात. प्रत्येकीला हाडापर्यंत जातील अशा दोन-तीन चिरा द्याव्यात. तीन सपाट चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि एका लिंबाचा रस चोळून बाजूला ठेवावं. आठ बेडगी आणि तीन संकेश्वरी मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. बी काढून टाकलीत तर मुलांनाही चालेल. त्या मिरच्या, एक गड्डा लसूण, दोन इंच आलं, चमचाभर जिरं, अर्धा चमचा मिरे, चार लवंगा आणि इंचभर दालचिनी मिक्सरमधून अगदी बारीक वाटावं. पाणी जेमतेम घालावं, मसाला पातळ झाला तर तो तुकड्याला धरत नाही. त्यात अर्धी वाटी घट्ट दही आणि दोन मोठे चमचे तेल मिसळून चिरांच्या आतपर्यंत भरावं आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावं. चार तास पुरतात, पण मी शनिवारी रात्रीच हे उरकते. रविवारची सकाळ मोकळी मिळते ना!

गोडाचा पाक वेगळा करायचा. अर्धी वाटी चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, चमचाभर लाल तिखट, चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी मंद आचेवर गरम करावं. चमच्याच्या पाठीला चिकटेल इतकं दाट झालं की उतरावं. गुळाऐवजी तीन मोठे चमचे मधही छान लागतो. (आपल्या महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून आमच्याकडे कुणी तिकडे गेलं की बाटली येतेच.) फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध, अगदी शिजलेला असला तरी, चाटवू नये.

हा पाक आधी लावायचा मोह होतो, आणि इथेच पुष्कळजणींचा पदार्थ बिघडतो. मांस आतून शिजायला पाऊण तास लागतो, पण गूळ, मध किंवा साखर तेवढ्या आचेवर त्याच्या कितीतरी आधी करपून कडू होते. वरून काळं, हाडाशी कच्चं! म्हणून गोड नेहमी शेवटी.

ट्रेला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावावी, नाहीतर गळलेला पाक खरवडण्यात संध्याकाळ जाते. कांद्याच्या जाड चकत्या आणि सात-आठ मिनिटं उकडून घेतलेले बटाट्याचे अर्धे तुकडे तळाला पसरावेत. वर तंगड्या एकमेकींना न खेटता मांडाव्यात. ओव्हन दोनशे अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, दहा मिनिटं आधी तापवावा. आपल्याकडे कोंबडी बहुधा कातडी काढूनच मिळते, त्यामुळे ती कोरडी पडते. पहिली वीस मिनिटं ट्रेवर फॉइल झाकावी. मग काढून, तेलाचा हात फिरवून आणखी वीस मिनिटं, मध्ये एकदा चिमट्याने उलटून. शेवटी पाक लावून पाच मिनिटं, पुन्हा लावून पाच मिनिटं. या दहा मिनिटांत ओव्हनपासून हलू नये, बरं का. कडा जरा काळसर झाल्या की बास.

शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांडीच्या सांध्यापाशी सुरी खुपसली की रस स्वच्छ यायला हवा. खात्री हवी असेल तर टोचायचा थर्मामीटर घ्यावा. हाडाला न टेकवता तो ७४ अंश सेल्सिअसच्या वर गेला की निर्धास्त व्हावं. कच्च्या कोंबडीला लावलेला ब्रश पाकात बुडवू नये, आणि कच्चं चिरलेल्या पाटावर, विळीवर किंवा सुरीने कोशिंबीर चिरू नये. कोंबडी नळाच्या धारेखाली धुण्याची आपली सवयही सोडण्यासारखी आहे. त्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या ताटांवर उडतात. शिजवल्याने ते मरतात, धुतल्याने नाही. अगदीच राहवत नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात बुडवून काढा आणि मोरी साबणाने घासून घ्या.

बिलाची धास्ती असते म्हणून सांगते. पंधराशे वॅटचा ओव्हन सलग तासभर तापला तर दीड युनिट जळतं, आणि तो मधूनमधून आपोआप बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. मात्र ओव्हनला मोठ्या पिनांचा, सोळा अँपियरचा सॉकेट हवा. मिक्सरच्या लहान सॉकेटला तो जोडू नये.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या पसरट कढईत झाकण ठेवून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं शिजवावं आणि रस आटला की पाक घालून आच मोठी करावी. कडा तशा येत नाहीत, पण चव येते. आमच्या जाऊबाईंनी माळ घातली आहे. त्यांच्यासाठी सुरणाच्या जाड फोडी चिंचेच्या पाण्यात उकडून, तोच मसाला नि पाक लावून, वेगळ्या ट्रेमध्ये आधी भाजून ठेवते.

पहिल्यांदा हे केलं त्या रविवारी सहा पानं एकदम मांडली. माझी धाकटी ताटाकडे बघून म्हणाली, “आई, ही अख्खी माझी?” दादाच्या ताटातही तशीच होती, आजीच्याही. थोरल्याने “मला दोन हव्यात” म्हणून पाहिलं. सासूबाईच म्हणाल्या, “मोज की बाबा. सहाच आहेत.” मग पाणी राहिलंय हे लक्षात आलं. मी उठणार तोच ‘हे’ उठले. तांब्या कुठे असतो ते त्यांना विचारावं लागलं, तो भाग वेगळा! आणि गोडाला नाकं मुरडणाऱ्या सासूबाईंनी हाडापाशी चिकटलेला पाक बोटाने पुसून खाल्ला. आता त्याच सांगतात, “गूळ जरा बेताने घाल, चिंच वाढव.” त्यांचं म्हणणं खरं आहे. कोळ अडीच चमचे घेतला तर जास्त छान लागतो.

एखादी तंगडी उरलीच तर ती दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवी. दुसऱ्या दिवशी मांस सोडवून, कांदा-कोथिंबीर घालून, नीट वाफ येईपर्यंत परतून पोळीत गुंडाळलं की डब्याचं काम होतं. हाडं टाकू नका. सगळी गोळा करून, एक कांदा नि चार मिरे घालून कुकरमध्ये अर्धा तास ठेवली की रात्रीच्या भाताला पातळसं सूप निघतं. पाकामुळे ते किंचित गोडसर येतं, म्हणून वरून लिंबू पिळावं.