वाऱ्याचा हिशेब शिकवणारी शाळा

‘मला एनसीसीच्या एअर विंगमध्ये जायचे आहे,’ असे भंडाऱ्याच्या एखाद्या घरात मुलाने किंवा मुलीने म्हटले, की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्यातून नोकरी लागेल का? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की दोन-तीन वर्षांत हे मूल तिथे काय शिकेल? एअर विंगची खरी किंमत या शिक्षणात आहे, आणि तिच्या जन्मकथेतही हेच दिसते. ब्रिटनमधील एअर ट्रेनिंग कोअर 1941 साली, ऐन महायुद्धात, हवाई दलाला तयार तरुण पुरवण्यासाठी उभी राहिली. आपल्याकडे मात्र पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने देशभरच्या शाळा-महाविद्यालयांसाठी छात्रसेनेची योजना मांडली, 1948 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 1950 रोजी मुंबई व कलकत्ता येथे एकेका स्क्वॉड्रनने एअर विंग सुरू झाली. केवळ छात्रसैनिक आहे म्हणून कोणालाही लढाईवर जाण्याची सक्ती करता येत नाही, हे त्या कायद्यातच आहे. मूल एनसीसीत गेले म्हणजे सैन्यात गेले, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

प्रवेश शाळा किंवा महाविद्यालयामार्फत मिळतो. तेराव्या वर्षापासून, म्हणजे साधारण आठवीपासून, कनिष्ठ विभाग खुला होतो. त्याचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते आणि शेवटी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. महाविद्यालयातला वरिष्ठ विभाग तीन वर्षांचा, त्यात ‘बी’ आणि मग ‘सी’. परीक्षेला बसायचे तर परेडची हजेरी आणि वार्षिक शिबिर चुकवून चालत नाही. कवायत, नकाशावाचन, नेमबाजी, आरोग्य आणि समाजसेवा हे विषय तिन्ही दलांच्या कॅडेटांना समान असतात. एअर विंगचे वेगळेपण त्यापुढे सुरू होते : विमान हवेत का तरंगते, इंजिन कसे चालते, दिशा कशी काढतात, ढग आणि वारा कसे ओळखतात. हाताने विमानाची प्रतिकृती बनवून उडवण्याला, एरोमॉडेलिंगला, इथे अभ्यासाइतकेच महत्त्व असते. वरिष्ठ कॅडेटांना संधी मिळाली तर दोन आसनी मायक्रोलाइट विमानात प्रशिक्षकाशेजारी बसून उड्डाणाचा अनुभवही घेता येतो.

या अभ्यासाचा गाभा एकच आहे : हवेत चूक झाकता येत नाही. प्रतिकृतीचे वजन मागच्या बाजूला थोडे जास्त झाले तर ती नाक वर करते, वेग गमावते आणि खाली येते. तिथे सबब चालत नाही, वजन पुन्हा जुळवावेच लागते. उड्डाणापूर्वी प्रत्येक भाग क्रमाने तपासण्याची सवय याच जाणिवेतून येते. आणि हवामानाचे ज्ञान तर धानाच्या या जिल्ह्याला परके नाहीच. रोवणीच्या वेळी आभाळाकडे पाहणाऱ्या, ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेचा पूर सोसलेल्या लोकांच्या मुलांना दाबाचा पट्टा म्हणजे काय, गडगडाटी ढग कसा वाढतो, हे नीट कळले तर त्याचा उपयोग विमानाबाहेरही होतो.

आक्षेप तरीही उरतात. अभ्यासाचा वेळ जातो, हे खरे आहे. दहावी-बारावीच्या वर्षी घरच्यांनी तो विचार करावाच. पण वेळेवर उठणे, गणवेश नीट ठेवणे आणि गटाची जबाबदारी घेणे याने अभ्यास बिघडत नाही. दुसरा आक्षेप अंतराचा. जवळचे वायू स्क्वॉड्रन नागपुरात, साठेक किलोमीटरवर आहे, आणि प्रत्येक संस्थेत एअर विंग नसते. लाखांदूर किंवा पवनीच्या मुलासाठी ही अडचण मोठीच. अशा वेळी जवळच्या संस्थेत जी विंग असेल तिच्यात जाणे शहाणपणाचे, कारण शिस्तीचा पाया सगळीकडे तोच आहे. मुलींविषयीच्या शंकेला तर आता उत्तर देण्याचीही गरज नसावी : राफेल उडवणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक शिवांगी सिंह वाराणसीत एअर विंगच्याच कॅडेट होत्या.

आता नोकरीचा प्रश्न. ‘सी’ प्रमाणपत्रधारकांना वायुसेनेत एनसीसी विशेष प्रवेशाची वाट आहे, मात्र निवड मंडळाच्या कसोट्या आणि कडक वैद्यकीय तपासणी त्यांनाही पार करावी लागते. प्रमाणपत्र दार दाखवते. आत जाणे ज्याच्या त्याच्या तयारीवर अवलंबून असते. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होती, आणि आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. आकाश आपल्या मुलांपासून वाटते तितके दूर नाही. यंदा शाळेत एनसीसीची भरती निघेल तेव्हा पालकांनी आधी मुलाला अर्ज भरू द्यावा. आणि शाळेत एनसीसीच नसेल, तर ती सुरू करण्याची मागणी पालकसभेत लेखी मांडावी.