निकाल लागेपर्यंत हात बांधून बसायचे?

जुलै २००८ मध्ये म्यानमारमधला एक माणूस आयर्लंडला पोहोचला आणि त्याने तिथल्या सरकारकडे आश्रय मागितला. परत गेलो तर जिवाला धोका आहे, हे त्याचे म्हणणे. अर्ज झाला, चौकशी झाली, नकार आला, अपील झाले, पुन्हा चौकशी. असे करता करता आठ वर्षे गेली. त्या आठ वर्षांत त्याला एक दिवसही काम करण्याची परवानगी नव्हती.

त्याला उपाशी ठेवले होते असे नाही. आयर्लंडने २००० सालापासून अशा लोकांसाठी निवासी केंद्रे चालविली होती. झोपायला खाट, ठरल्या वेळी भोजनगृहात जेवण आणि हातखर्चाला आठवड्याचे १९ युरो १० सेंट. पुष्कळ केंद्रांत स्वतःची चूल मांडायची सोय नव्हती. एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहायचे. तिथे वाढलेल्या कितीतरी मुलांनी आईला स्वयंपाक करताना पाहिले नाही आणि बापाला कामावरून घरी येताना पाहिले नाही.

बसून खायला मिळते, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. १९८२ च्या संपानंतर ज्यांनी गिरणी कामगाराचे घर पाहिले आहे ते असे म्हणणार नाहीत. सकाळी भोंग्याला उठणारा माणूस दिवसभर चाळीच्या कठड्याला टेकून उभा राहतो, बायकोकडे विडीला पैसे मागताना खाली बघतो. पोरांवर विनाकारण खेकसतो. आम्हाला वाटते, माणूस रिकाम्या पोटाने खचतो तसाच रिकाम्या हातानेही खचतो. आपल्या आजोबांनी कोणते काम करायचे हे गावाने ठरवून दिले होते. इथे कोणतेच काम करायचे नाही, हे कायद्याने ठरवून दिले.

२०१३ मध्ये तो राहत होता त्या केंद्रातच त्याला नोकरी देऊ केली गेली. त्याने परवानगी मागितली. १९९६ चा कायदा आडवा आला: अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम नाही. तो कोर्टात गेला. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरला, पण मागे हटला नाही. सरकारचे म्हणणे असे, की काम करू दिले तर कामासाठीच लोक येतील, आणि कामाचा हक्क हा नागरिकाचा, परक्याचा नव्हे.

३० मे २०१७ रोजी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती डोनल ओडॉनेल यांनी तो लिहिला. आल्या दिवसापासून प्रत्येकाला काम द्या, असे न्यायालय म्हणाले नाही, हे नीट लक्षात घ्यावे. नागरिक आणि परका यांत सरकार फरक करू शकते, काही काळ थांबायलाही सांगू शकते, हे त्याने मान्य केले. परंतु अर्जाचा निकाल किती दिवसांत लागेल याला मुदतच नसेल, तर कामावरची सरसकट बंदी घटनेला धरून नाही. कारण काम माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेले आहे, आणि प्रतिष्ठा काही नागरिकत्वाच्या दाखल्याबरोबर मिळत नाही. त्या माणसाचे नैराश्य, त्याचा स्वतःवरचा उडालेला विश्वास, याचीही निकालात दखल आहे. त्याला स्वतःला २०१६ मध्येच निर्वासित म्हणून मान्यता मिळाली होती. म्हणजे निकाल लागला तेव्हा त्याची बंदी उठलेलीच होती. त्याच्या खटल्याचा उपयोग झाला तो मागे राहिलेल्यांना.

या आयर्लंडशी आपले एक नाते आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली आपली घटना तयार झाली, तेव्हा मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली गेली. स्त्री-पुरुष सर्वांना उपजीविकेचे पुरेसे साधन मिळण्याचा हक्क तिथेही लिहिलेला आहे आणि आपल्या ३९ व्या कलमातही. दोन्हीकडे हे तत्त्व ‘नागरिकां’साठी आहे. आपले २१ वे कलम मात्र ‘व्यक्ती’ म्हणते. त्याच्याच आधारे १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमांना संरक्षण दिले. हे चकमा म्हणजे पूर्व पाकिस्तानातून उखडले गेलेले आपले बौद्ध बांधवच.

उलट, ज्या म्यानमारमधून तो माणूस पळाला तो देश बौद्ध बहुसंख्यांचा. २०१७ च्या ऑगस्टपासून तिथून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, तरी आमच्या पानावर ते यायलाच हवे. अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका सांगितली आहे. ज्याची आजीविकाच कोणी हिरावली, त्याने ते पाऊल टाकायचे कसे?

ब्रिटनची तऱ्हा वेगळी. तिथे सहा महिन्यांनंतर कामाची परवानगी मागता येत असे, ती सवलत २००२ मध्ये काढून घेतली. पुढे वर्षभर थांबलेल्याला परवानगी मागता येऊ लागली, पण २०१० पासून सरकारच्या यादीतलेच काम करायचे अशी अट आली. त्या यादीत शास्त्रीय बॅले नर्तकही होते! हॉटेलात भांडी घासायला तयार असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आणि बंदी घातली म्हणून काम थांबते असेही नाही. ते चोरून होते. आपल्याकडे १९५१ च्या निर्वासित करारावर सही नाही, वेगळा कायदाही नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचे कार्ड खिशात ठेवून कितीतरी निर्वासित रोजंदारीवर जातात. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ते कोणाकडे दाद मागणार? आणि जिथे एकाची मजुरी अशी बुडते, तिथे शेजारच्या नाक्यावर उभ्या असलेल्या आपल्या माणसाचाही भाव पडतो.

आयर्लंडमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये ती बंदी रद्द ठरली. त्या वर्षाच्या मध्यापासून नऊ महिने थांबलेल्यांना परवाना मिळू लागला, २०२१ मध्ये ही मुदत सहा महिन्यांवर आली. परवाना हाती आल्यावरही पहिली काही वर्षे बँका खाते उघडून देईनात, आणि वाहन चालविण्याचे लायसन मिळेना. पुष्कळ केंद्रे गावाबाहेर होती. काम मिळाले, तरी पहाटेच्या पाळीला पोहोचायला बस नव्हती.