पाऊण जीबीचा पत्ता

नगरजवळच्या भिंगारमध्ये जुना कम्प्युटर सहसा थेट भंगारात जात नाही. एखाद्या जवानाची बदली होते, बिऱ्हाड ट्रकमध्ये चढतं आणि सगळ्यात शेवटी प्रश्न येतो तो टेबलावरच्या त्या जड पेटीचा. ती शेजारच्या मुलाला मिळते, त्याच्याकडून एखाद्या टायपिंगच्या क्लासला जाते, तिथून फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात. चार घरं फिरली तरी पेटी चालूच असते. लष्कराच्या गावातली माणसं यंत्र सांभाळून वापरतात. इथून जवळच रणगाड्यांचं संग्रहालय आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळातली चिलखती गाडीसुद्धा तिथे राखलेली आहे. मग पंधरा-वीस वर्षांच्या कम्प्युटरला कोण टाकून देईल?

या पेट्यांमध्ये सर्वाधिक भेटणारा बोर्ड म्हणजे ९४५. पूर्ण नाव इंटेल ९४५जी, चिपसेट २००५ सालचा. दुरुस्तीच्या टेबलावर त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, 'नाईन फोर्टी फाइव्ह आहे का?' एवढंच विचारतात. हे बोर्ड कष्टाळू. नगरच्या धुळीत, उन्हाळ्याच्या तापात, विजेच्या चढउतारात वर्षानुवर्षं टिकलेले मी पाहिले आहेत. पण त्यांच्याबद्दल एक गैरसमज गेली कित्येक वर्षं पुसला जात नाही, आणि त्यापायी साध्या माणसांचे पैसे वाया जातात. हा लेख त्यासाठीच आहे.

एका निवृत्त सुभेदारांनी आणलेल्या पेटीपासून सुरू करतो. नातीच्या अभ्यासासाठी त्यांनी रॅम वाढवली होती. एक जीबी काढून दोन-दोन जीबीच्या दोन डीडीआर-२ स्टिक लावल्या. घरी येऊन पाहिलं, तर विंडोजमध्ये चार जीबीच्या पुढे कंसात लिहिलेलं, वापरता येण्याजोगी ३.२५ जीबी. एकाने सांगितलं, स्टिक खराब आहे, बदलून आणा. ती बदलली. आकडा तोच. दुसऱ्याने सांगितलं, विंडोज ६४ बिटची टाका. तीही टाकून झाली. आकडा तोच. पेटी माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "भाऊ, चार जीबीचे पैसे मोजलेत मी. पाऊण जीबी गेली कुठं?"

पहिल्यांदा मी तेच केलं जे कुठलाही दुरुस्तीवाला करतो. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी काढली, ब्लोअरने धूळ उडवली, दोन्ही बाजूंचे पांढरे खटके बाहेर ढकलून स्टिक उचलल्या. शाळेच्या मुलांचं साधं खोडरबर घेऊन सोनेरी पट्ट्या घासल्या. खोडरबराच्या कडेला काळपट चुरा जमला. ब्रशने स्लॉट साफ केला, खाच जुळवून स्टिक दाबली, दोन्ही खटके 'टक' करून बसले. सुरू केल्यावर एकच बारीक बीप आला. म्हणजे यंत्राची तक्रार नव्हती. एकेक स्टिक वेगळी लावून मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. दोन्ही एकत्र लावल्या की पुन्हा ३.२५.

रॅम चांगली होती. तिच्या शेवटच्या पाऊण जीबीला पत्ता मिळत नव्हता.

पत्ता हा शब्द मी सोय म्हणून वापरत नाही. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला खरोखरच एक क्रमांक असतो आणि प्रोसेसर त्या क्रमांकानेच त्याला हाक मारतो. क्रमांक जितक्या अंकी, तितकीच घरं. सुभेदारसाहेबांना हे समजावताना मला आपला पिनकोड आठवला. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा अंकी पिन सुरू झाला. त्यामागचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. सहा अंकांत जास्तीत जास्त दहा लाख क्रमांक बसतात. देशात कितीही वस्ती वाढली तरी सहा अंकांतून दहा लाख एकावा क्रमांक निघत नाही. त्यातला पहिला आकडा विभागाचा. ४ म्हटलं की महाराष्ट्राकडचा भाग, ४१४ म्हटलं की नगर, ४१४००२ म्हटलं की भिंगार. आणि ९ ने सुरू होणारे सगळे क्रमांक? ते लष्करी टपालाला राखून ठेवलेले आहेत. सगळ्यात वरचा एक लाखाचा पट्टा, आणि त्यात एकाही गावाचा क्रमांक नाही. उद्या कुणी तिथे गाव वसवायचं म्हटलं, घरं बांधली, माणसं राहायला आली, तरी त्या क्रमांकावर टाकलेलं पत्र पलटणीकडेच जाणार.

९४५ मध्ये हुबेहूब हेच घडतं. त्याच्याकडे ३२ बिटांचा पत्ता आहे. ३२ जागा, प्रत्येकीत शून्य किंवा एक. एकूण क्रमांक होतात ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. तेच ४ जीबी. पण या क्रमांकांवर एकट्या रॅमचा हक्क नसतो. स्क्रीनचं कार्ड, आवाजाचं कार्ड, नेटवर्क, यूएसबी, या सगळ्यांशीही प्रोसेसर पत्त्यानेच बोलतो, आणि त्यांचे पत्ते याच यादीत, अगदी वरच्या टोकाला राखलेले असतात. पीसीआय एक्स्प्रेसच्या नुसत्या नोंदवहीलाच २५६ एमबीचे क्रमांक जातात. बायोसची चिपही तिथेच. बटण दाबल्यावर प्रोसेसर आपली पहिली सूचना वाचायला जातो तो ४ जीबीच्या टोकापासून बरोबर १६ बाइट अलीकडे. तिथे रॅम ठेवून चालणारच नाही, कारण त्या क्षणी रॅममध्ये काहीच नसतं. तिथे बायोसच हवी. या पेटीत असा राखीव पट्टा ७६८ एमबीचा होता. ४०९६ मधून ७६८ वजा करा, ३३२८ राहतात. म्हणजेच सव्वातीन जीबी.

वेगळं मोठं ग्राफिक्स कार्ड लावलं तर पट्टा आणखी रुंदावतो आणि आकडा तीनच्याही खाली जाऊ शकतो. दुकानदाराने चांगलं कार्ड लावून दिलं आणि रॅम कमी झाली, अशी तक्रार घेऊन आलेले लोक मला भेटलेत. त्यात कोणीच फसवलेलं नव्हतं.

आता ६४ बिटच्या विंडोजचं. हा सल्ला देणारा खोटं बोलत नसतो, त्याला अर्धंच माहीत असतं. ३२ बिटच्या घरगुती विंडोजला ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते वापरायची मुभाच नाही, त्यामुळे कित्येक यंत्रांत ६४ बिट टाकली की हरवलेली रॅम खरंच दिसू लागते. पण त्यासाठी आधी चिपसेटने एक काम करायला हवं. राखीव पट्ट्याखाली झाकली गेलेली रॅम उचलून तिला ४ जीबीच्या वरचे नवे पत्ते द्यायला हवेत. बायोसमध्ये याला मेमरी रिमॅप म्हणतात. २००६ च्या ९६५ चिपसेटला ते जमतं, त्याची मर्यादाच ८ जीबी आहे. ९४५ ला ते जमत नाही, कारण ४ च्या वरचे पत्ते त्याच्याकडे नाहीतच. वर कोर टू ड्युओ बसवा, ६४ बिटची विंडोज टाका, पत्ते लिहिणारा कारकून, म्हणजे चिपसेट, तोच राहतो.

हे दुखणं पहिल्यापासूनचं आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा होत्या. त्यातून निघत १० लाख ४८ हजार ५७६ क्रमांक, जवळपास आपल्या पिनकोडाइतकेच. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमना आणि वरचे ३८४ केबी पडद्याला, बायोसला नि कार्डांना. पट्टा तेव्हाही वरच्याच टोकाला होता. १९८५ साली ३८६ आला, तारा ३२ झाल्या, आणि चार जीबी कधी भरतील असं कुणाच्या मनातही आलं नसेल. का यावं? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅकची, म्हणजे आपल्या देशात घडवलेल्या पहिल्या मोठ्या संगणकाची, मेमरी होती फक्त २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. चुंबकाच्या इवल्या कड्या तारांत ओवलेल्या, एक कडी एक बिट. सगळी मिळून १० केबी. सुभेदारसाहेबांच्या दोन स्टिकांत अशा चार लाखांहून अधिक टिफ्रॅकची मेमरी मावेल. टिफ्रॅक हे नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी दिलं. तेच नेहरू, जे १९४२ ते १९४५ या काळात इथे भिंगारला लागून असलेल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ज्या किल्ल्यावरून रोज येतो-जातो, त्याचा आपल्या धंद्याशी असा दूरचा का होईना धागा आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

पत्त्याचा दुसरा घोटाळा स्टिकच्या आतच होतो, आणि तो अधिक चकवतो. पेंटियमच्या काळातला ४४०बीएक्स बोर्ड घ्या, १९९८ चा. त्यात २५६ एमबीची स्टिक लावली की काही वेळा १२८ दिसायची, बरोबर अर्धी. चिपच्या आत बिटं ओळी आणि स्तंभांत मांडलेली असतात. १२८ मेगाबिटच्या चिपमध्ये ओळ सांगायला १२ तारा लागतात, २५६ मेगाबिटच्या चिपमध्ये १३. स्टिकवर जुन्या चिपा सोळा असतील तर सगळं ठीक. पण नव्या, दाट चिपा आठच असतील तर त्यांना तेरावी तार हवी, आणि बीएक्स ती हलवतच नाही. अर्ध्या ओळी आयुष्यभर गप्प राहतात. स्टिकवरचं लेबल एकच, किंमत एकच, फरक फक्त काळ्या चिपा मोजल्यावर कळतो. जी४१ बोर्डावर आजही तेच होतं. डीडीआर-३ ची ४ जीबीची स्टिक घ्यायची तर दोन्ही बाजू मिळून सोळा चिपा असलेली घ्यावी. आठ चिपांची तिथे चालत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कुणाला पाठवताना मी नेहमी सांगतो, स्टिक हातात घेऊन चिपा मोजा.

रॅम कमी दिसण्याची बाकीची कारणं किरकोळ, पण आधी तीच तपासावीत. स्लॉट मळलेला असतो. बोर्डावरचं ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा उचलतं. कुणीतरी एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन कमाल मेमरीच्या चौकोनावर खूण करून ठेवलेली असते. वेग वाढतो म्हणून ती करायला सांगणारे भेटतात, ती काढून टाका. छोट्या नेटबुकांवरची विंडोज ७ स्टार्टर तर २ जीबीच्या पुढे जातच नाही, कितीही लावा.

एवढं सगळं सुभेदारसाहेबांनी शांतपणे ऐकलं. पिनकोडाच्या गोष्टीवर मात्र थांबवलं. नोकरीतली कित्येक वर्षं त्यांची पत्रं '५६ एपीओ' या लष्करी टपालाच्या पत्त्यावर यायची. गाव नाही, तालुका नाही, तरी घरचं पत्र बर्फात पोचायचं. "म्हणजे वरचा पट्टा फौजेचा," ते म्हणाले. "मग बरोबर आहे. तिथं सिव्हिलियनला घर मिळायचं नाही."

त्यांच्या पेटीसाठी आणखी रॅम घ्यायची नाही, हे ठरलं. त्याच पैशांत जुनी हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी बसवली. नातीचे धडे आणि आजोबांच्या पेन्शनचे कागद यांना सव्वातीन जीबी पुरते. झाकणी लावण्याआधी आतल्या पत्र्यावर एक चिठ्ठी चिकटवली, पुढे ज्याच्या टेबलावर ही पेटी जाईल त्याच्यासाठी: 'बोर्ड ९४५. कमाल ४ जीबी, दिसणार ३.२५. दोन्ही रॅम चांगल्या आहेत, बदलू नयेत.' सुभेदारसाहेबांनी चिठ्ठी वाचली, खाली तारीख घालायला सांगितली, आणि पेटी उचलून रिक्षात ठेवली.