बापाची साखर आणि लेकाचा पाय



गळीत हंगामात काट्यावर नंबरला थांबलेल्या एका सभासदाने आम्हांला विचारले, "वडिलांचा पाय साखरेनं काढावा लागला. आता मलाबी साखर निघालीय. म्हणजे माझा पाय पण जाणार, असंच ना?" साखर कारखान्याच्या पत्रकात साखरेच्या दुखण्यावर लिहायला आम्ही जरा बिचकलो, पण प्रश्न पुष्कळ घरांतला आहे.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की ती मज्जातंतूत शिरते. तिथे अल्डोज रिडक्टेज नावाचे एन्झाइम तिचे सॉर्बिटॉल बनवते. ते साठत जाते नि तंतूचे काम बिघडते. तंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंतचा तंतू सर्वांत लांब. त्यामुळे कालव्याच्या टेलच्या रानासारखी पहिली झळ पावलांना बसते. आधी मुंग्या, आग, मग बधिरपणा.

आता वारशाचे. को ७४० ऊस ज्यांनी केला त्यांना ठाऊक आहे, त्याला काणी फार धरायची; दुसऱ्या जातीला तेवढी नाही. माणसांतही तसेच आहे. साखर सारखीच चढलेली असून एकाच्या नसा लवकर जातात, दुसऱ्याच्या टिकतात. या फरकाचा काही भाग जनुकांत आहे. वरच्या एन्झाइमचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या काही प्रकारांचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. २०१९ साली अमेरिका-कॅनडातील मधुमेहींच्या अभ्यासात दुसऱ्या गुणसूत्रावर एक जागा सापडली. तिथला एक प्रकार असलेल्यांच्या नसा कमी बिघडल्या होत्या. म्हणजे वारशात धोकाच येतो असे नाही, राखणही येते! पण पाय जाणार की राहणार हे ठरवणारे एकटे जनुक नाही. तशी रक्ततपासणी करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत, असे आमचे मत आहे.

बेणे तेच, पण मशागत? १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडात इन्सुलिनवरच्या १,४४१ रुग्णांची पाहणी झाली. साखर काटेकोर ठेवलेल्यांत नसांचा बिघाड सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. उतारवयात होणाऱ्या मधुमेहात फायदा इतका मोठा नसतो, पण असतो.

आम्ही त्या सभासदाला उलट विचारले, वडिलांची साखर कळली कधी? तर म्हणाले, "पायाची जखम चिघळल्यावरच." यांची मात्र जखमेआधी कळली आहे. फरक इथेच आहे.

रात्री पाणी धरायला अनवाणी जाणे मात्र बंद करावे लागेल. बधिर पायाला खोडव्याचा बुडखा लागलेला कळत नाही. रोज निजताना तळवे उजेडात पाहावेत, स्वतःला वाकवत नसेल तर घरच्यांकडून पाहून घ्यावेत. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या तंतूने आणि कंपन-काट्याने पावलांची तपासणी करून घ्यावी. आणि मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्वही तपासायला सांगावे. ते कमी झाले तरी अशाच मुंग्या येतात, आणि त्यावर साधा उपाय आहे.