भाड्याने तारलेली कंपनी

१९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेतले कारखाने एकामागून एक कामगारांना घरी बसवू लागले. न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉट गावी आयबीएमचा कारखाना मात्र चालू राहिला. मागणी नसतानाही कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन हिशेबाची यंत्रं आणि सुटे भाग बनवून गोदामात रचत होते, वर संशोधनासाठी प्रयोगशाळाही उभारत होते. कंपनीच्या इतिहासात ही वॉटसन यांच्या धाडसाची गोष्ट आहे. धाडस होतंच, पण त्यासाठी लागणारा पैसा कुठून येत होता हे कळायला प्रमुखाचं दालन सोडून यंत्रापाशी जावं लागतं.

या यंत्रांसाठी भोकं पाडून माहिती नोंदवायचं १९२८ सालचं आयबीएमचं कार्ड सुमारे १९ सेंटिमीटर लांब होतं. त्यावर ८० स्तंभ आणि आयताकृती भोकं. हिशेबाच्या यंत्रात हे कार्ड पितळी रूळ आणि तारांचे ब्रश यांच्या मधून सरकतं. कागद वीज अडवून धरतो. भोक आलं की ब्रश रुळाला टेकतो आणि त्या क्षणी बेरजेचं चाक फिरू लागतं. नऊचं भोक आधी येतं म्हणून चाक जास्त फिरतं, दोनचं उशिरा येतं म्हणून कमी. भोकाच्या जागेतून वेळ आणि वेळेतून अंक काढणारी ही रचना आजही थक्क करते.

हे यंत्र विकत मिळत नसे; दरमहा भाडं भरायचं आणि कार्डंही आयबीएमचीच घ्यायची. भोकं पाडलेलं कार्ड दुसऱ्या नोंदीला चालत नाही, त्यामुळे कार्डांची खरेदी कधी संपत नसे. मंदीत विमा कंपनी नवं यंत्र घेणं लांबणीवर टाकू शकत होती, पण असलेलं परत केलं तर तिचे हिशेबच अडणार. विक्रीवर जगणाऱ्या कारखानदाराकडे असा आधार नव्हता.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं नशीब. १४ ऑगस्ट १९३५ला सामाजिक सुरक्षा कायदा झाला, सुमारे २.६ कोटी कामगारांच्या नोंदी ठेवायची वेळ सरकारवर आली आणि काम आयबीएमला मिळालं. कायदा होणार हे वॉटसन यांना १९३०मध्ये ठाऊक असणं शक्य नव्हतं, हे खरंच. पण एवढ्या कामाला लागणारी यंत्रं आणि ती बनवणारे हात त्या दिवशी तयार होते, आणि तोवर ते टिकले भाड्यावर. कार्डांचे दोन गठ्ठे ताडून एकत्र लावणारं यंत्रही याच कामासाठी १९३७ साली आलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कामगारांना सांभाळणारा हा पैसा अडकलेल्या ग्राहकांच्या खिशातून येत होता. आपलीच कार्डं घ्यायच्या सक्तीवरून खटला झाला तेव्हा, परकी कार्डं यंत्र बिघडवतील, असा आयबीएमचा न्यायालयात बचाव होता. पण सरकारी खात्यांना तीच कंपनी १५ टक्के जादा भाडं घेऊन त्यांची स्वतःची कार्डं वापरू देत होती, तेव्हा हा बचाव टिकण्यासारखा नव्हता. १९३६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्डांची सक्ती बेकायदा ठरवली, आणि ते योग्यच झालं. यंत्रं भाड्याबरोबर विकतही देण्याचं बंधन मात्र आयबीएमवर आलं ते १९५६ साली. मंदीची चाहूल लागताच कामाविना ‘बेंच’वर बसलेल्या माणसांना काढायला बघणाऱ्या आपल्या आयटी कंपन्यांना एंडिकॉटचा दाखला जरूर द्यावा, पण भाड्याच्या हिशेबासकट द्यावा.