जखमी बालकाची प्लीहा

सायकलवरून पडताना आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात हँडलचे टोक रुतावे, वरून थोड्या खरचटण्यापलीकडे काही दिसू नये, आणि आत डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असलेली प्लीहा, म्हणजे आपल्या बोलण्यातली पानथरी, फाटून रक्त वाहत राहावे, हा प्रकार बालशल्यचिकित्सकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. एके काळी पोट उघडून प्लीहा काढून टाकण्याचाच शिरस्ता होता. तिच्यावाचून माणसाचे काही अडत नाही, अशी समजूत होती. तान्हेपणी प्लीहा काढलेल्या मुलांना पुढे भयंकर जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे किंग आणि शूमॅकर यांनी १९५२ साली निदर्शनास आणले. टोरांटोच्या बालरुग्णालयात तर, मुलांचा हा रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो, असा अनुभव साठत होता. तो उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. हे उपाध्याय पुढे दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत बालशल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते, याचा मला अभिमान वाटतो.

परंतु शस्त्र न चालवणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त जेमतेम दोन लिटर. त्यातले तीस टक्क्यांपर्यंत गेले तरी रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब सावरून धरतात, आणि मग तो एकाएकी कोसळतो. म्हणून दाबाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. नाडी किती धावते, तळहात गार पडले काय, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतते काय, हे रात्रभर पाहणारी जाणती परिचारिका, हाताशी रक्तपेढी आणि मध्यरात्रीही तत्काळ शस्त्रक्रियेला उभा राहील असा शल्यचिकित्सक, एवढी तजवीज असेल तरच प्लीहा वाचवण्याचा धीर धरता येतो.

अमेरिकेतील अनेक पाहण्यांत, सर्वसाधारण रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची प्लीहा बालरुग्णालयातील मुलांपेक्षा अधिक वेळा काढली गेल्याचे आढळले. हा दोष मी शल्यचिकित्सकाच्या कौशल्यावर ठेवत नाही. प्रौढांच्या जखमांना सरावलेल्या आणि अशा अहोरात्र पहाऱ्याची शाश्वती नसलेल्या माणसाला सुरी उचलणेच सुरक्षित वाटणार. तथापि अत्यवस्थ मुलाला दूरच्या मोठ्या रुग्णालयाकडे तसेच पळवणेही घातक ठरते. जवळच्या दवाखान्याने श्वासमार्ग मोकळा करावा, शीर मिळवून रक्त चालू करावे, मोठ्या रुग्णालयाला दूरध्वनीने वर्दी द्यावी आणि वाटेत नाडीवर बोट ठेवू शकेल असा माणूस सोबत देऊन मगच रवानगी करावी.